बिलात बोल्ट, भिंतीत स्क्रू

कॅम्परला, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीला, गुंडाळीचं ऑनिंग (बाहेर ओढायचं कापडी छप्पर) बसवून घेतलं आणि पहिल्याच पावसाळ्यात कळलं की आपल्याला व्यवस्थित चुना लागलाय. पैसे गेले ते गेलेच, पण गाडीची भिंत आतून कुजली याचा राग जास्त आहे.

फिटर बोलायला गोड. ब्रॅकेट आरपार बोल्टने बसवणार, आतून ॲल्युमिनियमच्या आधारपट्ट्या देणार, बाहेरून पत्रा आणि ब्रॅकेटच्या मध्ये ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) लावणार, असं सगळं त्यानेच सांगितलं. बिलातही तसंच लिहिलं. मग म्हणाला, "तुम्ही कशाला उन्हात थांबताय? संध्याकाळी या." मी गेलो. इथेच माती खाल्ली.

संध्याकाळी हँडल फिरवलं तर ऑनिंग झकास बाहेर आलं. वरच्या कपाटात डोकावून विचारलं, "नट कुठे दिसत नाहीत?" तर म्हणे, "पॅनेलच्या मागे घेतलेत, उघडे घाण दिसतात." पॅनेल काढल्याशिवाय त्याच्यामागे नट बसवणार कसा? हे मला तेव्हा सुचलंच नाही. पॅनेलच्या स्क्रूंवर जुनी धूळ तशीच होती, तीही नंतर आठवली.

पावसात कपाटाला कुबट वास यायला लागला. मग कोपऱ्यात चहा सांडल्यासारखा डाग दिसला. त्यावर अंगठा दाबला तर प्लायवूड ओल्या पावासारखं आत गेलं.

ऑनिंग उतरवलं. (हे एकट्याने करू नका. ऑनिंगच्या घडीच्या दांड्यांमध्ये ताणलेल्या स्प्रिंगा असतात. आम्ही ते बंद करून, पट्ट्याने बांधून, दोघांनी खाली घेतलं.) ब्रॅकेटमागे एकही बोल्ट नव्हता. बोटाच्या पेराएवढे सेल्फ-टॅपिंग (स्वतःच आटे पाडत आत जाणारे) स्क्रू नुसत्या पातळ पत्र्यात पिळले होते. दोन भोकं हलून हलून लांबट झाली होती आणि एक स्क्रू तर चिमटीत धरून बाहेर आला. ब्युटाइल टेपचा पत्ताच नाही. वरून फासलेलं पांढरं सिलिकॉन सालीसारखं अख्खं सुटून हातात आलं.

स्क्रू वापरणं म्हणजे फसवणूकच, असं मात्र नाही. गाडीच्या सांगाड्यात नीट घट्ट बसले तर काही ठिकाणी तेही चालतात. पण उघडलेलं ऑनिंग भिंतीपासून दूर लोंबतं, वाऱ्याच्या प्रत्येक हिसक्याला ब्रॅकेटची वरची कड बाहेर खेचली जाते. ते ओढणं पत्र्याला पेलत नाही. भोक सैल झालं की पाणी आत शिरतं, आणि आतलं लाकूड ते मुकाट्याने पीत राहतं.

फोन केला तर हा उलट माझ्यावरच चढला. "ओलं गुंडाळलं असेल. उतार दिला नसेल." त्यात अर्धं खरं असतं, म्हणूनच माणूस गप्प बसतो. ओलं गुंडाळून ठेवलं तर कापडाला बुरशी लागते, भिंत गळत नाही. उताराचंही तसंच अर्धं खरं: उतार नसेल तर कापडावर पाणी साचतं. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. माझं कापड 3 बाय 2 मीटर, म्हणजे 10 मिलिमीटर पाऊस त्यावर साचला तर 60 किलोचं ओझं. हे ठाऊक होतं म्हणून मी ऑनिंगचा एक पाय नेहमी थोडा खालीच ठेवायचो आणि वारा सुटला की ऑनिंग आत घ्यायचो.

कापडातही हात मारलेला निघाला. आतपर्यंत रंगलेल्या धाग्याचं ॲक्रिलिक म्हणून दिलं होतं. कडेचा धागा उसवून पाहिला तर आत पांढराफेक, वर फक्त रंगीत प्लास्टिकचा थर. म्हणजे व्हिनाइल. ते वाईट नसतं, पण मी पैसे ॲक्रिलिकचे मोजले होते. बिलावर सिरीयल नंबर नाही, त्यामुळे वॉरंटी मागायची कशाच्या जोरावर?

दुसऱ्या फिटरकडून पुन्हा बसवून घेताना मी हललो नाही. आधी त्याने आतलं पॅनेल काढलं, कुजलेला भाग कापून नवीन प्लाय घातला, सांगाडा कुठून जातो ते खडूने आखलं. प्रत्येक भोकाचा, पट्टीचा आणि नटाचा फोटो काढल्यावरच मी पॅनेल बंद करू दिलं.

ते फोटो पहिल्या फिटरला पाठवले. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं: "पावसात गाडी बाहेर उभी करत जाऊ नका."