फवारणीसाठी बारीक टायर: तासात एक नंबर, धुऱ्यावर मात्र ड्रायव्हरवर अवलंबून

बूम फवारणीसाठी (ट्रॅक्टरमागच्या आडव्या लांब दांड्यावरच्या नोझलांनी फवारणी) ट्रॅक्टरला मागे बारीक टायर आणि चाकापुढे पीक बाजूला सारणारे पत्र्याचे गार्ड बसवले, सोयाबीनमध्ये वापरले, म्हणून लिहितोय.

सरळ तासात, म्हणजे पिकाच्या ओळींमधून सरळ जाताना, खरंच फरक पडतो. १३.६ इंची टायर म्हणजे साधारण साडेचौतीस सेंटिमीटर रुंद, ४५ सेंटिमीटरच्या ओळीत दोन्ही बाजूला जेमतेम पाच सेंटिमीटर उरतात, जरा हात हलला की झाड गेलं. ९.५ इंची टायरला तेच दहाच्या आसपास मिळतात. फक्त ट्रॅकची रुंदी (डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) ओळींच्या अंतराच्या पटीत लावा, म्हणजे ४५ सेंटिमीटरला १३५, नाहीतर बारीक टायर पण ओळीवरूनच जाणार. गार्डचं काम तर मला टायरपेक्षा जास्त आवडलं, फांद्या पसरल्यावर त्या चाकाखाली ओढल्याच जात नाहीत.

आता धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या कडेला ट्रॅक्टर वळतो त्या जागेचं. खरं नुकसान तिथंच होतं आणि ते कुठलंच टायर एकट्याने थांबवत नाही, कारण वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या माग न धरता आतून कापत येतात, बूमचं टोक बाहेरून झाडं झोडपतं आणि एका बाजूचा ब्रेक दाबून जागेवर गरकन फिरवलं तर मातीसकट मुळं उपटतात. वळायच्या आधी डिफरेन्शियल लॉक (दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरवणारा) काढा, बूम उचला, स्पीड कमी करा. बूमच्या रुंदीएवढी पट्टी धुऱ्याला आडवी पेरून ठेवा, तिची फवारणी वेगळी करा आणि मधली तासं मारताना त्या पट्टीत आलं की व्हॉल्व बंद, म्हणजे डबल औषध पण पडत नाही. चाकाची वाट पेरतानाच मोकळी सोडली तर सगळ्यात बेस्ट!

तोटे पण आहेत. टायर बारीक म्हणजे वजन कमी जागेवर येतं, ओल्या रानात चाकोरी खोल पडते आणि माती दाबली जाते, त्यामुळे वाफसा (माती चिखलही नाही, कोरडीही नाही अशी) नसताना घालूच नका. टाकी पूर्ण भरल्यावरचं वजन टायरला झेपतं का ते साइडवॉलवर (टायरच्या बाजूवर) लिहिलेला लोड बघून ठरवा, हवा पण त्याच हिशोबाने. नांगरटीला हे टायर नकोत, पकड कमी पडते.

फोर व्हील ड्राइव्हवाल्यांनी नुसती मागची बदलू नका, पुढच्या-मागच्या चाकांच्या घेराचं प्रमाण बिघडलं की गिअरवर ताण येतो, बदलायचा तर चारी चाकांचा जुळणारा सेट घ्या.