‘काका, सेल्फ जळालाय’
१९,५०० रुपये गेले. चोरी झाली असती तर इतकं लागलं नसतं. हे मी स्वतःच्या हाताने, चहा पाजून दिले.

पौडजवळ आमचं छोटं कृषी पर्यटन आहे. वीस गुंठे लॉन, आणि त्यासाठी बसून चालवायचं गवत कापायचं मशीन, सेकंडहँड घेतलेलं. मुळशीत जून लागला की गवत नुसतं उफाळतं. पहिल्या दोन पावसांनंतर ताडपत्री काढली, चावी फिरवली, तर आतून एकच आवाज: टक. पुन्हा फिरवली, पुन्हा टक. वीसेक वेळा तरी केलं असेल. (तेही चुकीचंच. चावी पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नये, मध्ये मिनिटभर थांबावं, नाहीतर इंजिनाला फिरवून सुरू करणारी चांगली मोटरही, म्हणजे सेल्फ, तापून जाते.)

मोबाइलवर शोधून पुण्याचा एक ‘लॉन मशीन स्पेशालिस्ट’ बोलावला. पांढरी व्हॅन, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. व्होल्टेज मोजायचा मीटर काढला नाही. मोठा स्क्रू ड्रायव्हर घेतला, सोलेनॉइडच्या, म्हणजे चावी फिरवली की बॅटरीचा करंट सेल्फला जोडणाऱ्या स्विचच्या, दोन जाड बोल्टांवर आडवा ठेवला. मरतुकडी ठिणगी उडाली, मोटर हलली नाही. “बघा काका, डायरेक्ट देऊनही फिरत नाही. सेल्फ जळालाय. बॅटरीही गेली.”

आता मी तीस वर्षं वीज मंडळात होतो, पण हिशेब विभागात. ठिणगी पाहून माझी खात्री पटली. सहा हजार आगाऊ यूपीआयने दिले. त्याने सेल्फ मोटर खोलून नेली, जुनी बॅटरीही ‘एक्स्चेंजला’ म्हणून व्हॅनमध्ये टाकली. बॅटरीतल्या शिशाला भंगारातही भाव असतो. तो बिलात वजा झाला नाही, आणि मीही विचारलं नाही.

नऊ दिवसांनी काळीभोर चकचकीत मोटर आली. ‘इम्पोर्टेड, नवी कोरी’ म्हणे. सेल्फ १४,५००, बॅटरी ३,८००, मजुरी १,२००. ‘रोख दिलेत तर जीएसटी वाचेल काका.’ वाचवला. कागदावर हाताने लिहिलेलं बिल, खाली ‘६ महिने वॉरंटी’ आणि पत्ता नसलेला शिक्का. चावी फिरवली, मशीन फाडकन सुरू. मी वर शंभर रुपये पेट्रोलला दिले!

तीन आठवड्यांनी, भर पावसात, पुन्हा टक.

फोन केला तर, “तुम्ही मशीन भिजवलंत, वॉरंटी गेली.” शेवटी पौडमधल्या ट्रॅक्टरच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो आला, मीटर लावला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि मला म्हणाला, “साहेब, मारा सेल्फ.” तिथे अर्ध्या व्होल्टाच्या आत दिसायला हवं होतं, दिसले चार. “सेल्फला काय धाड भरली नाय. अर्थिंग खाल्लंय.”

मायनसची केबल चासीला, म्हणजे मशीनच्या लोखंडी सांगाड्याला, जिथे कसलेली असते, तिथे बोल्टखाली गंज आणि ओल्या गवताचा लगदा साचला होता. सेल्फ फिरवायला जो दणकट करंट लागतो, त्याला परतीची वाटच नव्हती. म्हणूनच स्क्रू ड्रायव्हरची ती परीक्षा फसवी. अर्थिंग खराब असेल तरी मोटर फिरत नाही, आणि मोटर जळाली तरी फिरत नाही. खरी परीक्षा दोन मिनिटांची आहे: जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनाच्या लोखंडाला, आणि मग चावी. फिरली तर मोटर निर्दोष. शिवाय स्क्रू ड्रायव्हर लावला की सीटचा आणि ब्रेकचा सुरक्षा स्विच चुकवला जातो; गिअर पडलेला असेल तर मशीन अंगावर येतं.

मग तीन आठवडे चाललं कसं? मोटर काढता-घालताना ती केबल हलली, तात्पुरती टेकली. पावसाने तिथे पुन्हा गंज धरला. पॉलिश पेपर, घट्ट कसणं, वरून ग्रीस. १५० रुपये.

जाता जाता तो मोटरकडे बघत म्हणाला, “ही नवी? स्प्रे मारलाय हो.” मी सुरुवातीला सुटा भाग कुठे मिळेल ते विचारायला मोटरचा फोटो काढला होता. नखाने रंग खरवडला. ठोकलेला नंबर तोच, कडेचा पोचाही तोच. माझीच मोटर मला १४,५०० ला विकली होती.

नंबर जुळल्याचं सांगताच पलीकडून फोन कट, नंतर ब्लॉक. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, पण पुराव्याला सहा हजारांचा यूपीआय तेवढा आहे. बाकीचे १३,५०० रोख दिले, हे फक्त मला आणि त्याला माहीत.

तेव्हा मोटर, बॅटरी काहीही खोलून न्यायच्या आधी नंबरासकट फोटो काढा, त्याच्यादेखतच काढा. काढलेला जुना भाग परत मागा. मीटर न लावता ‘जळालाय’ म्हणणाऱ्याला व्हिजिटचे पैसे देऊन वाटेला लावा.

बॅटरीचं मात्र थोडं पाप माझं. फेब्रुवारीपासून मशीन उन्हात ताडपत्रीखाली, एकदाही चार्जिंग नाही. अशी उतरलेली बॅटरी महिनोन्‌महिने पडून राहिली की आतल्या प्लेटा खराब होतात. जुनी खरंच गेली होती की नुसती उतरली होती, ते आता कळणार नाही, ती त्याच्या व्हॅनमधून गेली. आता साधा मीटर घेतलाय. दर पंधरा दिवसांनी व्होल्टेज बघतो, १२.४ च्या खाली दिसलं की चार्जर लावतो. आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहितो; बायको म्हणते, तुमचं बीपीही तिथेच लिहा. कालचा आकडा १२.५.