‘गो विश’ पत्ते: एक नाही, दोन संच घ्या

अमेरिकेतल्या ‘कोडा अलायन्स’ या संस्थेच्या ‘गो विश’ पाकिटात ३६ पत्ते असतात. ३५ पत्त्यांवर अखेरच्या दिवसांतली एकेक इच्छा लिहिलेली: वेदना नसाव्यात, घरच्यांवर भार होऊ नये, यंत्रांना जोडून ठेवू नये, पैशाचे व्यवहार मार्गी लागलेले असावेत, विनोदबुद्धी टिकावी. छत्तिसावा जोकर, यादीत नसलेल्या इच्छेसाठी.

पत्त्यांचे तीन ढीग करायचे: फार महत्त्वाचं, थोडंफार, बिनमहत्त्वाचं. मग पहिल्या ढिगातले १० निवडून त्यांचा क्रम लावायचा. गाडी अडते ती इथेच. कुठलीच इच्छा नाकारण्याजोगी नसल्यामुळे पहिला ढीग फुगतो आणि बरेच जण तिथेच उठतात. तसं केलं तर हाती काहीच लागत नाही. ‘वेदना नसाव्यात’ आणि ‘भान शाबूत असावं’ हे दोन्ही पत्ते सहज पहिल्या दहांत बसतात; पण तीव्र वेदनांवरच्या औषधांनी गुंगी येऊ शकते. मग वर कोणता? डॉक्टरला हेच तर कळायला हवं असतं.

दुसरा संच घ्यायचा तो जोडीदारासाठी किंवा मुलांसाठी. एकाने स्वतःचे दहा लावायचे. समोरच्याने न बघता, ‘याने काय लावलं असेल’ ते ओळखून लावायचे. नंतर दोन्ही रांगा शेजारी ठेवायच्या. आपल्याला सगळं माहीत आहे, असं समजणाऱ्यांची इथे पंचाईत होते. एकट्याने खेळण्यापेक्षा हा प्रकार कितीतरी सरस; किंबहुना पत्ते घ्यावेत ते यासाठीच.

उणीव मोठी एकच: पत्ता ‘काय’ सांगतो, ‘का’ सांगत नाही. ‘भार’ म्हणजे पैशाचा, की कुणीतरी आंघोळ घालावी लागण्याचा? त्यामुळे प्रत्येक निवडीपुढे एक ओळ लिहून घ्या. आजारी माणूस थकलेला असेल तर एका बैठकीत फक्त ढीग, क्रम दुसऱ्या दिवशी. रांगेचा तारीख दिसेल असा फोटो काढा आणि आजाराने वळण घेतलं की पत्ते पुन्हा मांडा. हा कायदेशीर दस्तऐवज नव्हे. उपचारांविषयीचं इच्छापत्र आणि आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्याचं नाव यांची कागदपत्रं वेगळी करावी लागतात.

शब्द सुचत नसतील तर जोकरच्या जागी कोरा कागद आणि खडू द्या. अखेरच्या दिवसांतल्या आपल्या खोलीचं चित्र काढायला सांगा: खाट कुठे, खिडकी कुठे, जवळ कोण, दाराबाहेर कोण. ‘दाराबाहेर कोण’ हे पत्त्यांत कुठेच येत नाही.

‘डेथ कॅफे’त मात्र हे पत्ते नेऊ नका. जॉन अंडरवुड यांनी २०११ मध्ये लंडनला सुरू केलेल्या, मृत्यूविषयी मोकळेपणी बोलण्याच्या या चहा-केकच्या बैठकांत कुणालाही निष्कर्षाकडे न्यायचं नाही, असा दंडकच आहे. पत्ते नेमके क्रम लावायला भाग पाडतात.