थेंबांचा पाणी तपासणी संच: कोईच्या टाक्यासाठी एका हिवाळ्याचा अनुभव

नागपुरातील लक्ष्मीनगरमध्ये आमच्या अंगणात सुमारे 10,000 लिटरचे टाके असून त्यात 11 कोई (शोभेचे रंगीत जपानी कार्प) मासे आहेत. पूर्वी मी पाणी तपासायला कागदी पट्ट्या वापरत असे, पण त्यांवर माशांना घातक अशा अमोनियाचा रकानाच नव्हता; म्हणून ऑक्टोबरअखेरीस थेंबांचा संच (नळीतल्या पाण्यात थेंब टाकून आलेला रंग तक्त्याशी जुळवायचा) घेतला आणि फेब्रुवारी संपेपर्यंत दर रविवारी वापरला.

नोव्हेंबरभर आकडे शून्याच्या आसपास राहिले. डिसेंबरात रात्रीचा पारा 10 अंशांच्या खाली उतरला, तरी टाक्यातले पाणी पहाटे 16 आणि दुपारी 19 अंशांच्या जवळपास असे, त्यामुळे मी निर्धास्तपणे पावसाळ्याएवढेच खाद्य संध्याकाळी घालत राहिलो. ही चूक सर्वस्वी माझी होती. थंडावलेले मासे अर्धे दाणे सोडून देत, ते तळाशी कुजत, आणि अमोनिया संपवणारे गाळणीतील जिवाणूही मंदावलेले असल्याने एका रविवारी नळीतील पिवळा रंग स्पष्ट हिरवा झाला: अमोनिया लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम. खाद्य दोन दिवस थांबवले, तळ उपसला, क्लोरीन काढलेल्या पाण्याने टाक्याचा दहावा भाग बदलला. पुढच्या आठवड्यात अमोनिया उतरला, पण नायट्राइट (जिवाणू अमोनियापासून बनवतात ते, माशांना तेही घातक) 0.25 दिसू लागले; तेव्हा 10 किलो खडे मीठ, म्हणजे 0.1 टक्का, विरघळवून हळूहळू सोडले, कारण मिठातील क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात कमी शिरते. तेव्हापासून खाद्य निम्मे आणि तेही दुपारी एकच्या सुमारास देतो. परदेशी सल्ल्यांतील बर्फ आणि महिनोन्‌महिने उपवास आपल्याकडे लागू नाहीत.

संचाची मोठी उणीव अशी की, त्यासोबतचा रंगतक्ता एकूण अमोनिया सांगतो, त्यातला घातक भाग किती हे सांगत नाही. पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) 8 असताना 25 अंशांवर तो भाग 5 टक्क्यांच्या आसपास असतो, तर 15 अंशांवर जवळपास निम्माच. म्हणजे थंडीत तोच आकडा कमी घातक असतो, पण दुपारी उन्हात शेवाळामुळे पीएच चढला की हा दिलासा आटतो. त्यामुळे मी पीएच सकाळी आणि दुपारी असा दोनदा पाहतो, आणि प्रत्येक नोंदीशेजारी पाण्याचे तापमान लिहितो. केएचची (पाण्यातील कार्बोनेटची, म्हणजे पीएच स्थिर ठेवण्याच्या क्षमतेची) चाचणी मात्र उत्तम: थेंब मोजायचे, रंग पालटला की थांबायचे.

नळ्या गार असल्या की रंग उमटायला जास्त वेळ लागतो, म्हणून पाच मिनिटांऐवजी मी दहा मिनिटे थांबतो. रंगही अंगणातल्या दिवसाच्या उजेडातच पाहावा, ट्यूबलाइटखाली 0.25 आणि 0.5 यांतला फरक मला कधीच कळला नाही. नायट्रेटच्या (नायट्राइटपासून पुढे बनणाऱ्या घटकाच्या) चाचणीची दुसरी बाटली जोरात हलवली नाही तर आकडा खोटा कमी येतो. अमोनियाची बाटली आता तळाशी आली आहे. नवी घेताना दुकानात आधी तिच्यावरची मुदत पाहीन, कारण या संचातल्या नायट्राइटच्या बाटलीची मुदत मार्चमध्येच संपते आहे आणि तिच्यात निम्म्याहून जास्त द्रव शिल्लक आहे.