पावसाळ्यानंतरची सस्पेन्शन सर्व्हिस: कोणत्या सायकलीवर किती खर्च करावा

बेळगावच्या टिळकवाडीतील एका गल्लीत चालणाऱ्या छोट्या सायकल कार्यशाळेकडून यंदा दसरा झाल्यावर मी घरातील दोन माउंटन बाइकची सस्पेन्शन आणि फ्रेम सर्व्हिस करून घेतली. त्या कामाचा हा अभिप्राय आहे. पहिली सायकल माझी: अॅल्युमिनियमची फ्रेम, पुढे हवेचा फोर्क (पुढचे चाक धरून धक्के शोषणारे दोन पाय), मागे हवेचा शॉक (मागचे धक्के शोषणारे नळकांडे). दुसरी पुतण्याची: मागे कसलेही सस्पेन्शन नसलेली आणि पुढे साधा स्प्रिंगचा फोर्क असलेली. दोन्ही सायकली जून ते सप्टेंबर बाहेर होत्या. माझी जांबोटी, कणकुंबी आणि राकसकोपच्या बाजूला, तर पुतण्याची बहुतेक येळ्ळूरच्या राजहंसगडावर आणि वडगावच्या शिवारातील वाटांवर.

माझे मत आधीच सांगतो. हवेच्या फोर्कची छोटी सर्व्हिस, म्हणजे खालचे पाय उतरवून आतील तेल व फोम बदलणे, हा या साऱ्या देखभालीतील सर्वांत योग्य खर्च आहे आणि तो दरवर्षी करावा. डॅम्परची, म्हणजे फोर्कची हालचाल तेलाने आवरणाऱ्या आतल्या भागाची, मोठी सर्व्हिस दरवर्षी करण्याची गरज आपल्याकडील बहुतेक लोकांना नाही. स्वस्त स्प्रिंग फोर्कवर मोठा खर्च करणे तर मला पटत नाही.

सस्पेन्शन बनवणाऱ्या कंपन्यांनी दिलेले वेळापत्रक तासांचे असते. रॉकशॉक्स आपल्या फोर्कच्या खालच्या पायांसाठी ५० तास सांगते आणि अलीकडच्या मॉडेलच्या डॅम्परसाठी २०० तास. फॉक्स १२५ तास किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते. दर रविवारी चार तास सायकल चालवणाऱ्याचे ५० तास तीन महिन्यांत भरतात आणि २०० तास वर्षात. हिशेब सरळ दिसतो, पण हिवाळ्यातील कोरड्या रस्त्यावरचा तास आणि जुलैमध्ये कणकुंबीच्या जंगलातला तास यांत फरक आहे. मलप्रभा जिथे उगम पावते त्या पट्ट्यात पावसाळ्यात वाट आणि ओढा यांतील सीमा पुसट होते. फोर्कचे पाय वारंवार पाण्यात जातात आणि वर जांभ्याची तांबडी माती पायांच्या तोंडाशी असलेल्या रबरी सीलच्या कडेला बसते. ही माती लोहाच्या व अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडने भरलेली असते. ग्रीसमध्ये मिसळली की तिचा घासणारा लेप तयार होतो. म्हणून तासांची वही ठेवणाऱ्यांविषयी आदर बाळगूनही मी आपल्या भागासाठी तासांऐवजी पावसाळा हेच माप धरतो.

मेस्त्रींनी फोर्क माझ्यासमोर उघडला, आणि याबद्दल या कार्यशाळेला पहिले गुण द्यायला हवेत, कारण शहरातील बहुतेक ठिकाणी सायकल ठेवून जा आणि संध्याकाळी या, असेच सांगितले जाते. त्यांनी आधी हवा सोडली, मग खालचे दोन बोल्ट अर्धे ढिले करून त्यांवर प्लास्टिकच्या हातोडीने ठोका मारला, आणि पाय खाली सरकताच खाली धरलेल्या ताटात तेल पडले. ते तेल ताकासारखे पांढुरके झाले होते. म्हणजे त्यात पाणी मिसळले होते. सीलखालच्या फोमच्या रिंगा काळ्या आणि कडक झाल्या होत्या. वरच्या चकचकीत नळीवर, ज्याला सगळे स्टँचियन म्हणतात, नख फिरवून त्यांनी मला एक फिकट पट्टा दाखवला: ओरखडा नव्हता, पण रंगाचा थर झिजू लागला होता. तो थर अॅनोडाइझिंगचा असतो आणि एकदा गेला की परत येत नाही. मग स्टँचियन, त्यांना वर जोडणारा मुकुट आणि हँडलपर्यंत जाणारी स्टीअररची नळी असा अख्खा वरचा भाग बदलावा लागतो आणि त्याची किंमत फोर्कच्या किमतीचा मोठा हिस्सा असते. चार-पाच चमचे तेल आणि दोन फोमच्या रिंगा यांच्या बदल्यात हा खर्च टळतो, हे गणित समजायला वेगळा तज्ज्ञ लागत नाही.

नवीन फोम तेलात भिजवून बसवले, सीलच्या ओठावर ग्रीस लावले आणि इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून प्रत्येक पायात तेल सोडले. किती मिलीलिटर आणि कोणत्या ग्रेडचे, हे त्यांनी कंपनीच्या तक्त्यावरून मोबाइलवर पाहून ठरवले. अंदाजाने ओतले नाही. सायकल परत घेतल्यावर फरक हाताला जाणवतो: हँडलवर हलका दाब दिला तरी फोर्क लगेच खाली जातो, आधी तो एक क्षण अडकून मग धक्क्याने सुटत होता. लहान खडे आणि गुरांच्या खुरांनी उठलेले वाळलेल्या चिखलाचे उंचवटे यांवर हा फरक सर्वाधिक कळतो.

वेळेविषयी मात्र मेस्त्रींचे आणि इथल्या सर्वसाधारण समजुतीचे जमत नाही, आणि मी मेस्त्रींच्या बाजूने आहे. आपल्याकडे सर्व्हिस पावसाळ्याआधी करून घ्यायची पद्धत आहे, कदाचित मोटारसायकलवरून आलेली. पण फोर्कमध्ये पाणी जाते ते पावसाळ्यात, आणि ते तिथेच राहून ऑक्टोबर ते मे धातूवर, फोमवर काम करत बसते. त्यात खंडेनवमीची धुलाई. पूजेआधी गल्लीतील सगळी वाहने धुण्याच्या केंद्रावर नेऊन दाबाच्या पाण्याने स्वच्छ केली जातात, झेंडूचा हार घालण्याआधी फ्रेम लखलखीत हवी म्हणून सायकलीही त्याच नळाखाली येतात, आणि त्या दाबाने सीलच्या व बेअरिंगच्या कडेतून पाणी आत शिरते. पुतण्याच्या सायकलीचे हँडल वळवताना येणारा करकर आवाज ऐकून मेस्त्री म्हणाले, "सर, पंपानं धुतासा आणि वर बेअरिंग टिकावं म्हणतासा, ते कसं जमणार?" बादली, मऊ ब्रश आणि साबणाचे पाणी पुरते, सर्व्हिस त्यानंतर करावी.

मागच्या शॉकवर चालणाऱ्या सायकलीत फ्रेमचा मागचा भाग सांध्यांवर हलतो आणि प्रत्येक सांध्यात बेअरिंग असते. सर्व्हिसच्या यादीत 'पिव्हट बेअरिंग बदलणे' असे एक ठरावीक कलम होते. ते मी सरसकट मान्य केले नाही आणि मेस्त्रींनीही आग्रह धरला नाही. तपासण्याची रीत सोपी आहे: मागचे चाक जमिनीवर ठेवून सीट धरून सायकल वर उचलायची, टकटक आवाज किंवा ढिलेपणा जाणवला तर सांधा सैल आहे, मग शॉकचा बोल्ट काढून मागचा भाग हाताने वर-खाली हलवायचा, आणि कुठे खरखर लागते ते पाहायचे. माझ्या सायकलीत पॅडलच्या आसाजवळच्या मुख्य सांध्यातील दोनच बेअरिंग खराब निघाली. तीच सर्वांत खाली असतात आणि चाकाने उडवलेले पाणी सर्वांत आधी त्यांना मिळते. वरची बेअरिंग काढून, ग्रीस भरून परत बसवली.

इथे बेळगावकरांसाठी एक खास मुद्दा आहे. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीमुळे आपल्या शहरात बेअरिंग आणि रबरी ओ-रिंग यांची वाण नाही. दुकानात जाऊन ६९०२ मागितले तर १५ मिलीमीटर आतला व्यास, २८ बाहेरचा आणि ७ रुंदीचे बेअरिंग लगेच मिळते, आणि सायकलीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बेअरिंगपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते. चाकाच्या हबसाठी ते उत्तम आहे. पिव्हटसाठी मात्र मी ते घेतले नाही. मोटरमधले बेअरिंग सतत गोल फिरते, त्यामुळे ग्रीस सगळीकडे पसरते आणि भार सगळ्या गोळ्यांवर फिरत राहतो. फ्रेमच्या सांध्यातले बेअरिंग काही अंशच पुढे-मागे होते आणि तेवढ्या जागेवर सगळा मार झेलते. म्हणून पिव्हटच्या बेअरिंगमध्ये गोळ्या वेगळ्या ठेवणारी जाळी काढून टाकून त्या जागी जास्त गोळ्या भरलेल्या असतात. आकार तोच, आतली रचना वेगळी. ही दोन बेअरिंग पुण्याहून मागवावी लागली आणि त्यासाठी आठवडा गेला, पण बसवण्याचे काम योग्य प्रेसने झाले, हातोडी लागली नाही, आणि बोल्ट टॉर्क रेंचने, फ्रेमवर छापलेल्या आकड्यानुसार आवळले गेले.

मागच्या शॉकचा अनुभव तितका चांगला नाही. दाबल्यावर त्यातून चिकचिक आवाज येत होता आणि रिबाउंडचा, म्हणजे तो परत येण्याच्या वेगाचा, ताबा राहिला नव्हता, म्हणजे डॅम्परच्या तेलात हवा मिसळली होती. अशा शॉकमध्ये नायट्रोजन पुन्हा भरावा लागतो आणि ती सोय या कार्यशाळेत नाही, त्यामुळे शॉक बंगळूरला पाठवला गेला. तीन आठवडे लागतील असे सांगितले होते. त्याहून जास्त लागले आणि मधल्या काळात विचारल्याशिवाय काहीच कळवले गेले नाही. परत आला तेव्हा रिबाउंडची घुंडी पूर्ण एका टोकाला फिरवलेली आणि हवेचा दाब भलताच होता, सोबत काय बदलले याची चिठ्ठीही नव्हती. पाठीवर पाण्याची पिशवी घेऊन सायकलीवर बसून मला सॅग, म्हणजे आपल्या वजनाने शॉक किती दबतो ते माप, नव्याने लावावा लागला. ५५ मिलीमीटर स्ट्रोकच्या, म्हणजे जास्तीत जास्त तेवढ्या दबणाऱ्या, शॉकवर ओ-रिंग १४ ते १६ मिलीमीटर सरकेपर्यंत हवा कमी-जास्त करायची, एवढेच ते काम. पण ज्याला हे ठाऊक नाही तो एवढे पैसे मोजून पूर्वीपेक्षा वाईट सायकल चालवत राहील. काम नीट झाले आहे, आवाज गेला आहे. तरी असे लक्षण दिसत नसेल तर केवळ वर्ष झाले म्हणून शॉक इतक्या लांब पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कंपनीचे तास मोडल्याची भीती वाटत असेल तर हवेच्या डब्याची छोटी सर्व्हिस इथेच होते. तिने पुष्कळ भागते.

पुतण्याच्या स्प्रिंग फोर्कची गोष्ट वेगळी. स्टँचियन पोलादी आणि वर क्रोमचा मुलामा. त्यावर गंजाचे बारीक ठिपके आले होते. उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरचे रॉड क्रोम करणारी कामे चालतात, तेव्हा हेही पुन्हा क्रोम करून घ्यावे, असा सल्ला त्याला शेजारच्या काकांनी दिला होता. मेस्त्रींनी तो हसून बाजूला ठेवला, आणि ते बरोबरच होते: नळी मुकुटातून सुटी करणे, मुलामा देऊन मूळ व्यासावर घासून आणणे आणि परत दाबून बसवणे यांचा खर्च फोर्कच्या किमतीला जाऊन भिडतो. अशा फोर्कमध्ये पाय उतरवून जुने ग्रीस पुसावे, नवे भरावे आणि तेवढ्यावर थांबावे. आतल्या प्लास्टिकच्या बुशिंग झिजून फोर्क खडखडू लागला की नवा घ्यावा, किंवा सायकल गावातच चालणार असेल तर सस्पेन्शन नसलेला साधा फोर्क लावावा. तो हलका असतो आणि त्यात बिघडण्यासारखे काही नसते. स्टँचियनवर गाडीचे जुने इंजिन ऑइल किंवा रॉकेल चोपडण्याची सवय मात्र सोडून द्यावी. त्याने फोर्क दोन दिवस गुळगुळीत चालतो आणि मग त्या तेलावर शिवारातली सगळी धूळ चिकटते.

फ्रेमच्या तपासणीसाठी वेगळे पैसे घेतले नाहीत आणि कुणी मागितले तर देऊही नयेत. अॅल्युमिनियमला पोलादासारखी थकव्याची सुरक्षित मर्यादा नसते, त्यामुळे हँडलखालच्या नळीच्या जोडाजवळ, सीटच्या नळीच्या वरच्या टोकाला आणि मागच्या चाकाजवळच्या जोडांवर महिन्यातून एकदा स्वच्छ फडक्याने पुसून केसासारखी रेघ दिसते का, ते पाहणे आवश्यक आहे. पण ते घरी करता येते. बैलहोंगलच्या बाजूची काळी माती चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये अडकून रंग घासून काढते, ती रेघ आणि तडा यांत फरक ओळखायला शिकावे: रंगाची रेघ नखाला लागत नाही. सीटपोस्ट पावसाळ्यानंतर एकदा बाहेर काढून, नळी उलटी करून पाणी काढून, ग्रीस लावून परत घालावा. माझ्या नळीतून निघालेले पाणी पाहून मेस्त्रींनाही आश्चर्य वाटले नाही, यावरून काय ते समजावे.

खर्च असा झाला: फोर्कची छोटी सर्व्हिस १,४०० रुपये, दोन पिव्हट बेअरिंग मजुरीसह १,६५०, पुतण्याच्या फोर्कची साफसफाई ३५०, कार्यशाळेचे बिल एकूण ३,४००. शॉकचे बंगळूरचे ५,५०० कुरिअर धरून वेगळे. पहिल्या तीन रकमांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. कार्यशाळेला सुचवायचे एवढेच की बाहेरगावी पाठवलेल्या भागाची स्थिती ग्राहकाला न विचारता कळवावी, आणि काढलेले सील व बेअरिंग पिशवीत घालून परत द्यावे. या वेळी ते मागावे लागले. दसरा ते दिवाळी या काळात तिथे गर्दी असते, तेव्हा आधी फोन करून दिवस ठरवून जावे, म्हणजे फोर्क समोर उघडून दाखवायला मेस्त्रींकडे वेळ असतो.