निळ्या ठिणगीचे १९,६०० रुपये

मी पिग्मी एजंट आहे. लोकांचे वीस-वीस, पन्नास-पन्नास रुपये रोज गोळा करतो, वहीत उतरवतो, संध्याकाळी पतसंस्थेत भरतो. बावीस वर्षांत एका रुपयाची तफावत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणणार की माणूस येडा दिसतोय. येडा नाही. पण फसलो, आणि तेही अंगठ्याएवढ्या वस्तूत. स्पार्क प्लगमध्ये, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवतो त्यात.

प्रकार नेहमीचाच आहे. बालाघाटाच्या डोंगरात आमचं तालुक्याचं गाव. दिवाळी झालेली, सोयाबीन विकून लोकांच्या हातात चार पैसे आलेले, आठवडी बाजाराचा दिवस. मोंढ्याच्या कोपऱ्यावर पांढरी व्हॅन, वर भोंगा, पुढं टेबल. "रेसिंगचा इरिडियम प्लग, ॲव्हरेज पन्नास टक्के वाढणार, पिकअप डबल, लाइफटाइम गॅरंटी!" टेबलावर काचेचा डबा. डब्यात दोन प्लग. एकात बारीक पिवळट ठिणगी, मधूनच चुकणारी. दुसऱ्यात जाड, निळी, कडकड वाजणारी. पोरं मोबाईल काढून व्हिडिओ घेत होती. टेबलाखाली दोन वेगळ्या वायरी जात होत्या हे मला दिसलं होतं. दोन प्लग, दोन वायरी, म्हणजे खाली ठिणगीला वीज देणाऱ्या दोन वेगळ्या कॉइली असू शकतात, एवढा विचार कोण करतो बाजारात?

आणि ठिणगी उघड्या हवेत बघून काहीच कळत नाही, हेही आता कळलं. इंजिनात ठिणगी पडते तेव्हा पिस्टननं हवा-पेट्रोल आठ-दहा पट दाबून धरलेलं असतं. तिथं ठिणगी पडायला किती जोर लागतो आणि काचेच्या डब्यात किती, याचा काही संबंध नाही. डब्यातली निळी ठिणगी दाखवणारा दिसला की पुढं चालू लागा.

मी मात्र थांबलो. रोज सत्तर किलोमीटर गाडी चालवतो, पेट्रोल शंभरीच्या पुढं. पिग्मीचं कमिशन किती असतं ते करणाऱ्यालाच विचारा. हाव नव्हती हो, हिशोब होता.

आता ज्या क्षणाबद्दल मी अजून रात्री कूस बदलतो, तो सांगतो. विक्रेता म्हणाला, "काका, तुमच्याच गाडीवर दाखवतो, पैसे नंतर." बाटलीत शंभर मिली पेट्रोल टाकून ॲव्हरेज काढायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, मिस्त्रीही तेच करतात. त्याच्या पोरानं बाटली हँडलला अडकवली, नळी कार्बोरेटरला जोडली आणि माझ्या जुन्या प्लगवर गाडी चढाच्या रस्त्यानं नेली. गाडी सकाळपासून उभी, थंड. चार पूर्णांक एक किलोमीटरवर बंद पडली. म्हणजे लिटरला एक्केचाळीस. मग प्लग बदलला, "फ्री सर्व्हिस" म्हणून एअर फिल्टर झटकला, दोन्ही चाकांत हवा भरली, शंभर मिली परत टाकलं आणि गाडी उताराच्या रस्त्यानं गेली. सहा पूर्णांक तीन. लिटरला त्रेसष्ट! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पहिल्या फेरीला निघताना त्या पोराचा डावा हात खाली चोकच्या दांडीवर गेला होता. मी बघितलं. चोक ओढून गाडी चार किलोमीटर हाणली तर पेट्रोल पिणारच, हे शेंबडं पोरगंही सांगेल. पण तेही सोडा. माझ्या शर्टाच्या खिशात डायरी होती. त्या डायरीत प्रत्येक वेळी पेट्रोल भरल्याची तारीख, लिटर आणि किलोमीटर लिहिलेले असतात, वर्षानुवर्षं. माझी गाडी बावन्न देते. एक्केचाळीस कधीच दिलेलं नाही. तो माणूस माझ्याच गाडीबद्दल माझ्यासमोर खोटं आकडं सांगत होता आणि पुरावा माझ्या छातीशी होता. मी काय म्हणालो? "अरे बापरे, गाडी एवढी खराब झाली का?" डायरी काढलीच नाही. नंतर काढली, कशासाठी, तर प्लगचे पैसे किती दिवसांत वसूल होतील ते मांडायला. रोजचे पंचवीस रुपये वाचणार, दोन महिन्यांत प्लग फुकट. स्वच्छ अक्षरात लिहिलेलं आहे, आजही वाचतो.

१,२५० रुपये रोख दिले. पावती? एक कार्ड दिलं, त्यावर मोबाईल नंबर आणि धावत्या घोड्याचं चित्र.

आता तुम्ही विचाराल, मग पुढं बाकीचे १८,३५० कसे गेले. कारण ॲव्हरेज खरंच वाढलं! टाकी फुल्ल करून, पुढच्या वेळी परत फुल्ल करून काढलेला आकडा: ५७. पुढचा ५७. मग ५६. त्रेसष्ट नाही, पण पाच तर वाढलं. इथंच माणूस मरतो. आधीचा प्लग मी अठरा हजार किलोमीटर वापरला होता, त्याची ठिणगी उडायची फट झिजून वाढलेली, फिल्टरमध्ये धूळ, चाकात हवा कमी. कुठलाही नवा प्लग टाकला असता तरी हेच झालं असतं. पण तेव्हा वाटलं, आपल्याला सोनं सापडलं.

तिसऱ्या आठवड्यात व्हॅन परत आली. "काका, तुमची रोज शंभर घरं फिरून होतात. तालुक्याची सब-डीलरशिप घ्या. वीस प्लगची पेटी, ८५० रुपयांनी, तुम्ही १,२५० ला विका." १७,००० रुपये. बारा हजार फोनवरून, पाच हजार रोख. फोनवर नाव भलत्याच बाईचं आलं, तर म्हणाला "मिसेसचं खातं आहे." लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली, सगळीकडं डीलर झालेत, फक्त तुमचा तालुका बाकी! पेटीत दोन मापाचे प्लग, बारीक आट्याचे आणि जाड आट्याचे, "सगळ्या गाड्यांना चालतात."

सगळ्या गाड्यांना चालणारा प्लग नसतो. आट्यांची जाडी १०, १२, १४ मिलिमीटर अशी वेगवेगळी असते, लांबी वेगळी, आणि तिसरी गोष्ट म्हणजे प्लग किती गरम किंवा थंड राहतो ते. गाडीच्या पुस्तकात प्लगचा नंबर छापलेला असतो, तोच घ्यायचा. एनजीके कंपनीच्या नंबरात आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉश कंपनीच्या नंबरात बरोबर उलटं. नंबरात आर असेल तर आत रेझिस्टर, म्हणजे विजेला अडथळा करणारा तुकडा आहे. कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या गाडीला तो लागतोच, नाहीतर ठिणगीचा त्रास गाडीच्या कॉम्प्युटरला होतो. माझ्या पेटीतल्या प्लगवर नंबरच नव्हता. नुसतं "पॉवर" लिहिलेलं.

सहा विकले. आमचे दाजी, एक मास्तर, मेडिकलवाला, तीन शेतकरी. सहा गुणिले बाराशे पन्नास, साडेसात हजार. मेडिकलवाल्याच्या गाडीला प्लग मी स्वतः बसवला. हातानं चार-पाच आटे फिरवून मगच पाना लावायचा असतो. मी घाईत आधी पानाच लावला आणि जोर दिला. अल्युमिनियमचं हेड ते, आटे गेले. हेड खोलून नव्या आट्यांसाठी बुश मारायचे १,३५० रुपये मी भरले. तो बिचारा काही बोलला नाही. उलट चहा पाजला, त्यानं जास्त लाज वाटली.

आठव्या आठवड्यात माझी गाडी मिसिंग मारायला लागली. डायरीत आकडा ५०. मिस्त्रीकडं गेलो. त्यानं प्लग खोलला, तळहातावर घेतला, उन्हात धरला आणि हसायलाच लागला. आतलं चिनीमातीचं नाक पांढरंफटक, बारीक फोड आलेलं. मधली काडी, जिला इरिडियम म्हणत होते, ती टोकाला वितळून मोहरीच्या दाण्याएवढा गोळा झालेली. बोटानं चाचपली तर खरखरीत. "काका, इरिडियम धातू दोन हजार चारशे डिग्रीच्या पुढं वितळतो. हे निकेल आहे, घासून बारीक केलेलं." साध्या प्लगची काडी जाड का असते, तर निकेल झिजतं म्हणून. इरिडियम कठीण, म्हणून ती काडी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची करता येते. बारीक टोकावरून ठिणगी विजेच्या कमी दाबात उडते आणि प्लग जास्त दिवस टिकतो. खऱ्या इरिडियम प्लगचा फायदा तेवढाच. कंपनीनं सांगितला असेल तर जरूर टाका, दुकानातून, बिलासकट. पॉवर वाढेल म्हणून टाकू नका.

मी विचारलं, पण ठिणगी मोठी पडली तर ताकद वाढणार नाही का? मिस्त्री म्हणाला, "चूल पेटवायला काडी लागती. चूल पेटली की काडीचं काम संपलं. तुमी सोन्याची काडी आणली म्हणून भाकर दोन जास्तीच्या होत्यात का?" ताकद पेट्रोलमध्ये आहे, प्लगमध्ये नाही. पेट्रोल नीट पेटतंय तोवर त्यातून निघायचं ते निघतंय. बाकीची उष्णता सायलेन्सरमधून आणि इंजिनाच्या पात्यांतून हवेत जाते, ती कुठलाही प्लग अडवू शकत नाही. नीट पेटत नसेल तर नवा प्लग टाका, साधा. त्यानं ११० रुपयांचा टाकला. पुढच्या टाकीला आकडा आला ५६.

म्हणजे बाराशे पन्नासचा ५७, एकशे दहाचा ५६. हे वाक्य मी डायरीत लाल पेननं लिहिलंय.

सहा जणांचे साडेसात हजार परत केले. एकानंही मागितले नव्हते. पण मी त्यांच्या दारात रोज पैसे घ्यायला जातो, उद्या त्यांनी विचार केला असता की हाच माणूस आपली पिग्मी भरतो का, तर? माझे गेले: १,२५० अधिक १७,००० अधिक १,३५०. एकूण १९,६००.

कार्डावरचा नंबर तेव्हापासून बंद.

पोलिसांकडं गेलो. ठाणे अंमलदार म्हणाले, "पावती?" नाही. "करारपत्र?" नाही. "मग ही दिवाणी बाब झाली." मी म्हणालो, साहेब, त्यानं कित्येक लोकांना विकलेत. ते म्हणाले, "मग बाकीच्यांना घेऊन या." म्हणजे तपास मी करायचा! दुसऱ्या दिवशी दोघांना घेऊन गेलो तर साहेब बंदोबस्तात. तिसऱ्या दिवशी अर्ज घेतला, शिक्का मारून पोच द्या म्हणालो तर शिक्का कपाटात आणि चावी दुसऱ्याकडं. फोनवरून बारा हजार गेले म्हणून सायबरवाल्यांना गाठलं. "ओटीपी दिला होता का? लिंक दाबली होती का? तुम्ही स्वतःच पाठवले? मग आमच्यात बसत नाही." रोख दिले म्हणून पोलिसांत बसत नाही, फोनवरून दिले म्हणून सायबरमध्ये बसत नाही. मग मी बसायचं कुठं?

वजनमापेवाल्यांना प्लगचं पाकीट दाखवलं. बंद पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, कमाल किंमत, महिना-वर्ष छापलेलं असावं लागतं, हे मला माहीत आहे, पाकिटावर यातलं काहीच नाही. साहेब पाकीट उलटसुलट करून म्हणाले, "नियमभंग तर आहे. पण दुकान कुठंय? दुकान दाखवा, धाड टाकतो." अहो, दुकान असतं तर मीच जाऊन बसलो असतो दारात! ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही, घरून ऑनलाइनही दाखल करता येतो, पण सामनेवाल्याचा पत्ता लागतो. घोड्याच्या चित्राचा पत्ता काय लिहू? म्हणून सांगतो, पैसे द्यायच्या आधी जीएसटी नंबर असलेलं बिल घ्या, आणि व्हॅनच्या नंबरप्लेटचा फोटो. माझ्याकडं काचेच्या डब्याचा व्हिडिओ आहे, नंबरप्लेटचा नाही.

उरलेले चौदा प्लग पेटीत आहेत. बायको भंगारवाल्याला द्या म्हणते. मी देत नाही, पुरावा आहे.

गेल्या आठवड्यात भाच्यानं फोटो पाठवला. परभणी जिल्ह्यातला एक बाजार, पांढरी व्हॅन, टेबल, काचेचा डबा, आणि हँडलला बाटली अडकवणारं तेच पोरगं. फोटो घेऊन पळत ठाण्यात गेलो. अंमलदारांनी फोन हातात घेतला, बोटानं फोटो मोठा करून बघितला, आणि म्हणाले, "पण हे आमच्या हद्दीत कुठं येतंय?"