‘गांधी आले तेव्हा’ ही तारीख भरायची कुठं?

आमच्या खानापूर तालुक्यात जुन्या माणसांचे वाढदिवस दोनच प्रकारचे: मास्तरांनी शाळेत नाव घालताना लिहिलेला १ जून, नाहीतर ‘अमकं झालं त्या साली’. आज्जी म्हणायची, ‘बेळगावात काँग्रेस भरली, गांधी आले, तेव्हा मी पाळण्यात.’ म्हणजे डिसेंबर १९२४च्या थोडं आधी. घराण्याची वंशावळ भरायला मोबाईलवर पहिलं जे ॲप घेतलं त्याला पूर्ण तारीख हवीच; नुसतं साल दिलं की १ जानेवारी चिकटवायचं. निम्मं घराणं एकाच दिवशी जन्मलं!

आता संगणकावर ग्रॅम्प्स हा वंशावळीचा प्रोग्रॅम वापरतोय. फुकट आहे. तारखेशेजारचं बटण दाबलं की आधी, नंतर, सुमारे, दोन सालांच्या मधे असे पर्याय येतात; तारीख अंदाजे की हिशेबानं काढलेली, हेही वेगळं नोंदता येतं. मानमोडीच्या (इन्फ्लुएन्झाच्या) साथीत गेलेल्या पणजोबांना १९१८ आणि १९१९च्या मधे टाकलं. फक्त ‘मधला एखादा दिवस’ आणि ‘इतका काळ’ हे पर्याय वेगळे आहेत, नीट बघा. मी आधी दुसरा निवडून पणजोबांना वर्षभर मरत ठेवलं होतं.

कॅलेंडरांत हिजरी आहे, शालिवाहन शक नाही. तिथी मी मजकुराच्या रकान्यात लिहितो. आज्जीचं वाक्यही तिथंच, तिच्याच शब्दांत.